विश्लेषण : हार्लेमच्या गाजलेल्या कादंबऱ्यांवर ड्यू बॉइस इतके का चिडले?

जून १९२८ मध्ये न्यू यॉर्कहून निघणाऱ्या ‘द क्रायसिस’ या मासिकात दोन नव्या कादंबऱ्यांची परीक्षणे एकाच लेखात आली. दोन्ही कादंबऱ्या कृष्णवर्णीय लेखकांच्या. नेला लार्सन यांच्या ‘क्विकसँड’ची परीक्षणकर्त्याने तोंड भरून स्तुती केली, चार्ल्स चेस्नट यांच्यानंतर कृष्णवर्णीयांच्या कथासाहित्यात इतके चांगले काही आले नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. क्लॉड मॅकाय यांची ‘होम टू हार्लेम’ मात्र वाचताना त्यांना किळस आली. पुस्तक संपवल्यावर अंगाला घाण लागल्यासारखे वाटले, असेच त्यांनी जवळपास लिहून टाकले.

बाजाराचा कौल नेमका उलटा होता. ‘होम टू हार्लेम’ धडाधड खपत होती. अमेरिकेत सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत पोहोचलेली कृष्णवर्णीय लेखकाची पहिली कादंबरी, असा तिचा उल्लेख आजही होतो. आपल्या समाजातला एक लेखक पहिल्यांदाच एवढा खपतो आहे आणि त्याच समाजाच्या सर्वात मोठ्या मासिकाचा साठ वर्षांचा संपादक कपाळाला हात लावून बसला आहे, असे ते चित्र होते. हे संपादक म्हणजे विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉइस. समाजशास्त्रज्ञ, इतिहासकार आणि नागरी हक्कांच्या चळवळीचे नेते म्हणून त्यांना जग ओळखते. वाचक म्हणून ते कसे होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

पुस्तकांचे वेड कुठून आले?

ड्यू बॉइस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रेट बॅरिंग्टन या छोट्या गावात झाला. अमेरिकेतली गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम दोन-अडीच वर्षे झाली होती. मुलगा लहान असतानाच वडील घर सोडून गेले. आई मोलमजुरी करायची. पुढे तिला अर्धांगवायूचा झटका आला. गावात कृष्णवर्णीय कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शाळेत बहुतेक सगळी मुले गोरी.

गावात एक पुस्तकांचे दुकान होते आणि शाळकरी ड्यू बॉइस तिथे तासन्‌तास रेंगाळत. याच दुकानातून त्यांनी मेकॉलेचा इंग्लंडचा इतिहास आठवड्याच्या हप्त्याने विकत घेतला. इंग्रजी शिक्षणामुळे आपल्याला ठाऊक असलेला तोच मेकॉले! पंधराव्या वर्षी ते न्यू यॉर्कच्या एका कृष्णवर्णीय वृत्तपत्राला गावाकडच्या बातम्या पाठवू लागले. आई १८८५ मध्ये गेली. गावातल्या चर्चेसनी वर्गणी काढून या हुशार मुलाला टेनेसीतल्या फिस्क विद्यापीठात पाठवले. तिथून हार्वर्ड, मग दोन वर्षे बर्लिन. १८९५ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले.

म्हणजे १९२० च्या दशकातला हा चिडका परीक्षक उत्तमातले उत्तम वाचून आलेला होता. त्याची मोजपट्टी लांब होती. आपल्या माणसांनी लिहिले आहे म्हणून तो ती आखूड करायला तयार नव्हता.

वाचायला होते तरी काय?

त्या काळातल्या अमेरिकी वाचकाला कृष्णवर्णीय माणूस कादंबरीत कसा भेटत होता, हे पाहिल्याशिवाय या चिडचिडीचा अर्थ लागत नाही.

एक ठरलेले पात्र होते मालकावर जीव टाकणारा म्हातारा नोकर. जोएल चँडलर हॅरिस यांचा ‘अंकल रीमस’ आणि थॉमस नेल्सन पेज यांच्या कथा याच साच्यातल्या. गुलामगिरीचे दिवस किती छान होते, हे तिथे गुलामच सांगतो. दुसरे पात्र विदूषकाचे. ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’सारख्या प्रचंड खपाच्या साप्ताहिकात ऑक्टाव्हस रॉय कोहेन हे गोरे लेखक कृष्णवर्णीयांच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीवर विनोदी कथा रचत आणि त्या घरोघरी वाचल्या जात. तिसरे पात्र नराधमाचे. थॉमस डिक्सन यांच्या १९०५ च्या ‘द क्लॅन्समन’ कादंबरीत कू क्लक्स क्लॅनचे लोक नायक आहेत. तिच्यावर १९१५ मध्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट आला, तो तुफान चालला आणि त्याच वर्षी मोडीत निघालेली क्लॅन पुन्हा उभी राहिली. कादंबरी वाईट निघाली तर वाचकाचा वेळ वाया जातो, एवढ्यावर इथे भागत नव्हते. तिची किंमत कोणीतरी झाडाला लटकून चुकवत होता.

कृष्णवर्णीय लेखक नव्हते असे नाही. पॉल लॉरेन्स डनबर यांच्याकडून प्रकाशकांना आणि वाचकांना हव्या होत्या त्या बोलीभाषेतल्या गमतीदार कविता. त्यांच्या इतर लेखनाकडे लक्ष कमीच. चेस्नट यांनी १९०१ मध्ये ‘द मॅरो ऑफ ट्रॅडिशन’ ही विल्मिंग्टनच्या १८९८ च्या हत्याकांडावर बेतलेली गंभीर कादंबरी लिहिली. ती खपली नाही. चेस्नट लघुलेखनाच्या आपल्या जुन्या व्यवसायाकडे परतले.

एका वाचकाचा संपादक कसा झाला?

ड्यू बॉइस सुरुवातीला साहित्याच्या नव्हे, आकडेवारीच्या मार्गाने निघाले होते. लोकांना खरी माहिती दिली की पूर्वग्रह गळून पडतील, अशी त्यांची समजूत होती. फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय वस्तीत दारोदार फिरून त्यांनी केलेला अभ्यास १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो आजही समाजशास्त्रात वाचला जातो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॉर्जियात सॅम होज या शेतमजुराला जमावाने हालहाल करून जिवंत जाळले. ड्यू बॉइस तेव्हा अटलांटा विद्यापीठात शिकवत होते. या प्रकरणावर समजुतीचे चार शब्द लिहून ते वृत्तपत्राच्या कचेरीकडे निघाले असताना त्यांना कळले, की होजच्या बोटांची हाडे त्याच रस्त्यावरच्या एका दुकानात मांडून ठेवली आहेत. ते तिथूनच माघारी फिरले. पुढच्याच महिन्यात त्यांचा दीड वर्षाचा मुलगा घटसर्पाने गेला. नुसत्या तक्त्यांनी काही होणार नाही, हे त्यांना त्या वर्षाने शिकवले. १९०३ मधले ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ हे त्यांचे सर्वात प्रसिद्ध पुस्तक निबंधांचे आहे. पण त्यात एक कथाही आहे, आणि मुलाच्या मृत्यूवरचे प्रकरण एखाद्या शोकगीतासारखे आहे.

१९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी ‘एनएएसीपी’ ही संघटना स्थापन झाली. तिचे मुखपत्र म्हणून ड्यू बॉइस यांनी नोव्हेंबर १९१० मध्ये ‘द क्रायसिस’ काढले. पहिल्या अंकाच्या हजार प्रती छापल्या होत्या. १९१९ पर्यंत खप लाखाच्या घरात गेला. झुंडबळींच्या बातम्या, पदवीधरांची छायाचित्रे, कविता, कथा, पुस्तक परीक्षणे असे सगळे त्यात असे. १९१९ पासून मासिकाची साहित्याची बाजू जेसी फॉसेट या विदुषी सांभाळू लागल्या. पोरसवदा लँग्स्टन ह्यूज यांची नद्यांवरची प्रसिद्ध कविता जून १९२१ मध्ये याच मासिकात आली.

मुलांसाठी काढलेल्या मासिकाची हकीकतही इथे सांगायला हवी. कृष्णवर्णीय मुलांच्या हाती येणाऱ्या पुस्तकांत काळी मुले एक तर वेडीविद्री, नाही तर हास्यास्पद. (त्यातले ‘लिटल ब्लॅक सॅम्बो’ हे गाजलेले पुस्तक भारतात राहणाऱ्या हेलन बॅनरमन या स्कॉटिश बाईंनी लिहिले होते. त्यामुळेच त्यात वाघ आहेत आणि शेवटी त्या वाघांचे तूपही होते!) ‘द क्रायसिस’मध्ये झुंडबळींच्या बातम्या वाचून मुलांच्या मनात नुसता द्वेष साठतो आहे, हे एका बारा वर्षांच्या मुलीच्या पत्रावरून ड्यू बॉइस यांच्या लक्षात आले होते. जानेवारी १९२० मध्ये त्यांनी फॉसेट यांच्यासह ‘द ब्राउनीज बुक’ सुरू केले. गोष्टी, कोडी, थोर कृष्णवर्णीयांची चरित्रे, वाचकांची पत्रे, किंमत १५ सेंट. चोवीस अंक निघाले आणि पैशाअभावी ते बंद पडले. वाईट पुस्तकांवर नुसते तोंडसुख न घेता चांगले काढून दाखवण्याची तयारी त्यांच्यात होती, हे या दोन वर्षांवरून दिसते.

सात प्रश्न कोणते होते?

१९२० च्या दशकात हार्लेमचे दिवस पालटले. दक्षिणेतून आलेल्या लाखो कृष्णवर्णीयांमुळे उत्तरेतली शहरे बदलत होती आणि न्यू यॉर्कच्या या भागात लेखक, चित्रकार, वादक गोळा होत होते. यालाच पुढे ‘हार्लेम रेनेसाँ’ म्हटले गेले. त्यातली बरीच पुस्तके वाचकाच्या तक्रारीतून जन्मली, हे विसरता येत नाही. १९२२ मध्ये टी. एस. स्ट्रिबलिंग या गोऱ्या लेखकाची कृष्णवर्णीय नायकावरची ‘बर्थराइट’ कादंबरी आली. ती वाचून फॉसेट यांना वाटले, की आपल्याबद्दल आपणच जास्त खरे लिहू शकतो. त्यातून त्यांची ‘देअर इज कन्फ्यूजन’ १९२४ मध्ये आली. तिच्या निमित्ताने झालेल्या भोजनसमारंभाला अनेक अभ्यासक या चळवळीचा आरंभ मानतात.

प्रकाशकांना आता कृष्णवर्णीय विषय हवे होते. पण कोणते? गोरे लोक रात्री मोटारीतून हार्लेमला जाऊन जॅझ ऐकत, बंदी असलेली दारू पीत आणि घरी परतत. त्यांना पुस्तकातही तेच हवे होते. डॉक्टर, शिक्षिका, छापखान्यातला कारकून अशा पात्रांच्या कथा परत येत, कारण ही माणसे गोऱ्यांसारखीच वागतात, मग त्यात वेगळे ते काय, असे प्रकाशकांचे म्हणणे असे.

१९२६ मध्ये ‘द क्रायसिस’ने सात प्रश्नांची एक यादी लेखक-प्रकाशकांकडे पाठवली आणि आलेली उत्तरे महिनोन्‌महिने छापली. कृष्णवर्णीय पात्र रंगवताना लेखकावर काही बंधन असते का? शिकलेल्या कृष्णवर्णीयांच्या कथा रटाळ म्हणून नाकारणाऱ्या प्रकाशकांना दोष द्यायचा की नाही? सतत गुन्हेगार आणि मूर्खच दाखवले गेले, तर जग तेवढेच खरे मानणार नाही का? शेवटचा प्रश्न सर्वात बोचरा होता : खप पाहून आपले तरुण लेखकही स्वतःच्या अनुभवाऐवजी अंधारी गल्लीच रंगवायला लागतील, हा धोका नाही का? उत्तर देणाऱ्यांत एच. एल. मेन्केन आणि सिंक्लेअर लुईससारखे गोरे दिग्गज होते, तसेच ह्यूज, काउंटी कलन, फॉसेट आणि वृद्ध चेस्नटही होते. लेखकाला मोकळे सोडा, असाच अनेकांचा सूर होता. उत्तरे ड्यू बॉइस यांच्या मनासारखी आली नाहीत. तरी त्यांनी ती छापली.

यातले एक उत्तर पुढच्या भांडणाचे बीज ठरले. कार्ल व्हॅन व्हेक्टन हे गोरे समीक्षक हार्लेममध्ये सर्वांच्या ओळखीचे होते. त्यांनी लिहिले, की गरीब वस्तीतले हे रंगीबेरंगी साहित्यद्रव्य ताजे आहे. कृष्णवर्णीय लेखकांनी ते वापरले नाही तर गोरे लेखक वापरतील. आणि काही महिन्यांतच त्यांनी ते वापरलेसुद्धा.

वाद पेटला कशावरून?

ऑगस्ट १९२६ मध्ये आलेल्या व्हॅन व्हेक्टन यांच्या हार्लेमवरील कादंबरीच्या नावातच कृष्णवर्णीयांसाठीची शिवी होती. नाट्यगृहात कृष्णवर्णीयांना बसवायच्या सर्वात वरच्या सज्जाला गोरे लोक त्या नावाने हिणवत. पुस्तक भराभर खपले. हार्लेममध्ये संताप उसळला. पण ह्यूज आणि जेम्स वेल्डन जॉन्सन हे लेखकाच्या बाजूने उभे राहिले. जॉन्सन हे तर एनएएसीपीमधले ड्यू बॉइस यांचे सहकारी. पुढे गाण्यांच्या स्वामित्वहक्काचा वाद निघाल्यावर कादंबरीतल्या मूळ गाण्यांच्या जागी नवी गाणी ह्यूज यांनीच लिहून दिली.

ड्यू बॉइस यांनी डिसेंबरच्या अंकात पुस्तकाची सालटी काढली. हार्लेमने ज्याला घरात घेतले, पंक्तीला बसवले, त्याने यजमानांच्या तोंडात मारली, असा त्यांचा आरोप होता. हार्लेममधला सामान्य माणूस रोज कामावर जातो, रविवारी चर्चला जातो आणि कॅबरेत पाऊलही टाकत नाही. या पुस्तकात मात्र कॅबरेशिवाय दुसरे हार्लेमच नाही. शिवाय ते कलाकृती म्हणूनही फसले आहे, असे त्यांचे मत होते. कुतूहलापोटी ते उघडणाऱ्यांनी ते शेगडीत टाकावे आणि एवढीच हौस असेल तर गुन्हेगारीच्या बातम्यांचे सवंग साप्ताहिक वाचावे, असा सल्ला त्यांनी दिला.

ही भूमिका त्यांची पहिल्यापासूनची नव्हती, हे महत्त्वाचे. जून १९२१ मध्ये याच मासिकात त्यांनी नेमके उलटे लिहिले होते. आपली इतकी बदनामी झाली आहे, की आपल्यातला एकही वाईट माणूस पुस्तकात आला तरी आपण दचकतो; कला आणि प्रचार एकच असावेत हा आपला हट्ट चुकीचा आहे, असे तेव्हा ते आपल्याच वाचकांना सुनावत होते. पाच वर्षांनी, जून १९२६ मध्ये, शिकागोतल्या भाषणात त्यांनी सगळी कला हा प्रचारच असतो आणि तसाच असायला हवा, असे ठासून सांगितले. त्याच महिन्यात ह्यूज यांनी ‘द नेशन’मध्ये तरुण लेखकांची बाजू मांडली : आम्ही आमच्या लोकांना जसे आहेत तसे लिहू, गोऱ्यांना आवडले तर ठीक, आपल्यांना नाही आवडले तरी ठीक.

मधल्या पाच वर्षांत बाजार आला होता. १९२१ मध्ये त्यांना आपल्या माणसांच्या अतिनाजूकपणाची भीती वाटत होती. १९२६ मध्ये प्रकाशकांच्या हावेची. दोन्ही भीती खऱ्या होत्या. पण दुसरीच्या भरात त्यांची एक गल्लत झाली : वाईट पुस्तक आणि वाईट माणसांवरचे पुस्तक या दोन गोष्टी त्यांच्या हातून एक होऊ लागल्या.

मॅकाय यांच्यावरचा राग रास्त होता का?

‘होम टू हार्लेम’चा नायक जेक हा पहिल्या महायुद्धात सैन्य सोडून पळालेला साधा कामगार. तो हार्लेमला परततो, बोटीवर नि रेल्वेच्या स्वयंपाकडब्यात काम करतो, पितो, बायकांच्या नादी लागतो. त्याला भेटणारा रे हा हैतीचा शिकलेला तरुण रेल्वेत वाढप्याचे काम करत पुस्तके वाचतो आणि कुढतो. मॅकाय मूळचे जमैकाचे. १९१९ च्या वंशदंगलींच्या काळात त्यांनी लिहिलेली लढाऊ कविता साऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकेला पाठ होती. असा कवी गोऱ्या वाचकांच्या चोरट्या चवीसाठी लिहितो आहे, हे ड्यू बॉइस यांना सहन झाले नाही. पुस्तकाचे काही भाग सुंदर आहेत, हे त्यांनी मान्य केले. पण उरलेल्या चिखलाने ते झाकले गेले, असे त्यांचे म्हणणे.

मॅकाय तेव्हा फ्रान्समध्ये होते. त्यांनी ड्यू बॉइस यांना जळजळीत पत्र लिहिले. ज्याला कलेतले कळतच नाही अशा प्रचारकाने कादंबरीवर बोलू नये, असा त्याचा मथितार्थ. जेकबरोबर मॅकाय यांनी स्वतः काम केले होते, रेल्वेच्या डब्यात ताटे वाढली होती. त्या माणसांना ते बाहेरून पाहत नव्हते. आज वाचताना त्यातली रेल्वे कामगारांची प्रकरणे, त्यांची भांडणे, थकवा, झोपायच्या खोल्यांतले ढेकूण हे सगळे त्या काळाच्या श्रमजीवनाचा दस्तऐवज वाटते. ड्यू बॉइस यांच्या नजरेतून ते निसटले. फिलाडेल्फियाच्या गल्ल्यांत दारोदार फिरलेल्या माणसाच्या नजरेतून निसटावे, हे विशेष.

त्यांना निव्वळ सोवळे म्हणून मोकळे होता येत नाही. त्यांच्या स्वतःच्या ‘द क्वेस्ट ऑफ द सिल्व्हर फ्लीस’ या १९११ च्या कादंबरीतली नायिका झोरा दलदलीच्या कडेला वाढलेली, गोऱ्या जमीनदाराच्या वासनेला बळी पडलेली मुलगी आहे. लेखक तिला कुठेही कमी लेखत नाही. आणि ‘क्विकसँड’ची नायिका हेल्गाही काही आदर्श वगैरे नाही, लार्सन यांनी तिची इच्छा, एकटेपण आणि अखेरची घसरण काहीही न लपवता लिहिली आहे. ती कादंबरी ड्यू बॉइस यांना आवडली. म्हणजे चिखल त्यांना चालत होता. चिखलाच्या तिकिटविक्रीचा त्यांना राग होता. कुठल्या पुस्तकात काय आहे, हे ओळखताना मात्र मॅकाय यांच्याबाबत त्यांचा हात चुकला.

स्वतः कशी कादंबरी लिहिली?

याच १९२८ मध्ये ड्यू बॉइस यांची दुसरी कादंबरी आली, ‘डार्क प्रिन्सेस’. वर्णामुळे वैद्यकीय शिक्षण सोडावे लागलेला अमेरिकी नायक मॅथ्यू बर्लिनला जातो आणि तिथे त्याला भेटते बोडपूर नावाच्या काल्पनिक भारतीय संस्थानाची राजकन्या. नाव चक्क कौटिल्या! आशिया-आफ्रिकेतले लोक गोऱ्या साम्राज्यांविरुद्ध एकत्र येण्याचा कट, शिकागोचे भ्रष्ट राजकारण, प्रेम आणि शेवटी जगाचा तारणहार म्हणून जयजयकार होणारे बाळ, असा सगळा मसाला त्यात आहे. भारतीय भाग तपासून घेण्यासाठी त्यांनी लाला लजपतराय यांची मदत घेतली होती. अमेरिकेतल्या वास्तव्यापासून दोघांची ओळख होती.

ही त्यांची स्वतःची सर्वात लाडकी कादंबरी. समीक्षकांचे मत मात्र संमिश्र होते आणि ‘होम टू हार्लेम’च्या खपाच्या ती जवळपासही गेली नाही. शिकागोची प्रकरणे दमदार आहेत, पण राजकन्या बोलू लागली की भाषणच होते. दुसऱ्यांच्या कादंबरीतली कच्ची जागा अचूक हेरणाऱ्या वाचकाला स्वतःची जड भाषा दिसली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस तत्त्वज्ञ अलेन लॉक यांनी कला की प्रचार या प्रश्नावर लेख लिहून प्रचाराला विरोध केला. रोख कुणाकडे आहे, हे वाचकांना कळण्याजोगे होते.

महाराष्ट्राशी काय संबंध?

ड्यू बॉइस यांचे भारताकडे सतत लक्ष असे. गांधीजींचा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांसाठीचा संदेश १९२९ मध्ये ‘द क्रायसिस’मध्ये छापला गेला. १९४६ मध्ये त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पत्र आले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात हार्लेमला लागूनच असलेल्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. अस्पृश्यांची आणि कृष्णवर्णीयांची स्थिती मिळतीजुळती असल्याचे सांगून, संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने दिलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांनी मागितल्या होत्या. आपण आपल्या नावाशी परिचित आहोत आणि अस्पृश्यांच्या लढ्याबद्दल आपल्याला सहानुभूती आहे, असे कळवत ड्यू बॉइस यांनी जुलैअखेरीस उत्तर दिले.

पुढे १९७२ मध्ये मुंबईत ‘ब्लॅक पँथर’वरून नाव घेतलेली ‘दलित पँथर’ उभी राहिली आणि जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीय साहित्य मराठी वाचकांपर्यंत आणले. ड्यू बॉइस-मॅकाय वादही वेगळ्या रूपात इथे आला. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’तली वस्ती अनेकांना झेपली नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’नंतर तर आपलेच उकिरडे चारचौघांत का उकरायचे, अशी नाराजी खुद्द समाजातल्या शिकलेल्या वाचकांतूनही उमटली.

नंतर काय झाले?

महामंदीत ‘द क्रायसिस’चा खप घसरला आणि संघटनेशी मतभेद होऊन ड्यू बॉइस यांनी १९३४ मध्ये मासिक सोडले. पुढच्याच वर्षी आलेला ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ हा त्यांचा ग्रंथ इतिहासलेखनातला मैलाचा दगड ठरला. परीक्षक म्हणून ते मऊ झाले नाहीत. १९४५ मध्ये रिचर्ड राइट यांचे ‘ब्लॅक बॉय’ प्रचंड गाजले, तेव्हाही ते साशंक राहिले. त्यात एकही भला माणूस कसा नाही, हे त्यांना पटेना. दुसरीकडे, त्यांच्या १९२६ च्या तिसऱ्या प्रश्नाला जणू दुजोरा देत झोरा नील हर्स्टन यांनी १९५० मध्ये एक लेख लिहिला. गोरे प्रकाशक साध्या, मध्यमवर्गीय कृष्णवर्णीयांच्या कथा का छापत नाहीत, हाच त्याचा विषय होता. चोवीस वर्षांत दुकानातला माल फारसा बदलला नव्हता. नेला लार्सन यांची दुसरी कादंबरी ‘पासिंग’ १९२९ मध्ये आली. त्यानंतर त्यांचे एकही पुस्तक आले नाही आणि आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी परिचारिका म्हणून काढली.

१९५१ मध्ये शांतता चळवळीतल्या कामामुळे ड्यू बॉइस यांच्यावर परकीय हस्तक म्हणून खटला भरला गेला. ते निर्दोष सुटले. तरी १९५८ पर्यंत त्यांना पासपोर्ट मिळाला नाही. या कोंडमाऱ्यात, नव्वदीच्या उंबरठ्यावर, ते पुन्हा कादंबरीकडे वळले. १९५७ ते १९६१ दरम्यान ‘ब्लॅक फ्लेम’ या नावाने त्यांनी तीन खंडांची कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा नायक मॅन्युएल मॅन्सार्ट हा शिक्षक आहे. प्रकाशकांना कधीच नको असलेला, सरळ नोकरी करणारा माणूस. तिचे वाचक थोडेच राहिले.

१९६१ मध्ये घानाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्या निमंत्रणावरून ते आफ्रिकेचा विश्वकोश तयार करायला अक्रा येथे गेले. तिथेच २७ ऑगस्ट १९६३ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनच्या ऐतिहासिक मोर्चात जमलेल्या लाखोंना ही बातमी व्यासपीठावरून सांगण्यात आली. विश्वकोश अपुराच राहिला. अक्रामधले त्यांचे घर आता स्मारक आहे. आवारात समाधी आहे आणि आत त्यांची पुस्तके.